टोमॅटो-मिरचीची रोपं घरात करताना

ताई, पहिल्यांदाच करताय ना, मग टोमॅटो, मिरची आणि वांगं एवढंच घ्या. भेंडी, गवार, मुळा थेट कुंडीतच टोका, त्यांना मुळं हलवलेली सोसत नाहीत.

चहाचे कागदी कप चालतील, पण बुडाला भोक हवंच. त्यात निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मं गांडूळखत. बी अर्धा सेंटीमीटरच खोल. टोमॅटो आठवड्याभरात उगवतो. मिरचीला कधी दोन आठवडेही लागतात, तेव्हा उकरून बघू नका!

उगवल्याबरोबर कप उजेडात हलवा, ही गोष्ट फार महत्त्वाची. माझी पहिली रोपं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होती. दोऱ्यासारखी लांबुडकी, पांढुरकी झाली आणि आडवी पडली. दुसऱ्या खेपेला पाणी जास्त झालं. मातीलगत देठ काळं, बारीक पडलं आणि एका रात्रीत सगळ्यांनी माना टाकल्या. म्हणून वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी, तेही सकाळी.

पहिली दोन गुळगुळीत पानं मोजू नका. त्यांच्यानंतर येणारी खरी पानं चार-पाच आली, की आठवडाभर रोज थोडं थोडं ऊन दाखवा आणि मग संध्याकाळी कुंडीत लावा. टोमॅटोचं देठ थोडं खोल पुरा, तिथूनही मुळं फुटतात.