समुद्रातल्या बुरशीपासून अँटिबायोटिक मिळतं का? रत्नागिरीत राहून एमएस्सीचा प्रोजेक्ट होईल का?

मिळतं. सेफॅलोस्पोरिन या अँटिबायोटिक गटाची सुरुवातच तिथून झाली. इटलीच्या सार्डिनिया बेटावर कॅग्लियारी शहराचं सांडपाणी समुद्रात सुटतं तिथल्या पाण्यातून ज्युसेप्पे ब्रोत्झू या शास्त्रज्ञांनी १९४५ मध्ये एक बुरशी वेगळी काढली, पुढे ऑक्सफर्डला तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी हाती लागलं, आणि आज आपले डॉक्टर सेफिक्झिम लिहून देतात ते त्याच घराण्यातलं.

रत्नागिरीत सुरुवात नक्की होते. मी स्वतः खाडीतल्या नमुन्यांवर काम केलंय. तिवराची कुजत आलेली पानं, चिखलात रुतलेलं जुनं लाकूड, यात बुरशी भरपूर असते. फक्त कांदळवनात शिरण्याआधी गाइडकडून रीतसर परवानगी काढून घ्या. पान निर्जंतुक समुद्राच्या पाण्याने धुवायचं, तुकडे करून त्याच पाण्यात बनवलेल्या अगारवर (बुरशी वाढवायच्या जेलीवर) ठेवायचे, बॅक्टेरिया माजू नयेत म्हणून त्यात क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक टाकतात. पण पुढे बुरशी वाढवताना मिडियममध्ये (ती वाढते त्या पोषक द्रवात) ते अजिबात नको, नाहीतर शेवटी बॅक्टेरिया न वाढलेला जो गोल, म्हणजे झोन, दिसतो तो बुरशीचा नाही, तुम्हीच टाकलेल्या औषधाचा!

मग वाढलेल्या बुरशीतून द्रावकाने, म्हणजे इथाइल अ‍ॅसिटेटने अर्क काढून कागदी डिस्कवर सोडायचा, पूर्ण वाळवायचा, आणि स्टॅफिलोकोकस या बॅक्टेरियाच्या प्लेटवर ठेवायचा. शेजारी नुसत्या इथाइल अ‍ॅसिटेटची वाळवलेली डिस्क तुलनेसाठी हवीच. दुसऱ्या दिवशी सगळीकडे बॅक्टेरियाचा पांढुरका थर आणि आपल्या डिस्कभोवती स्वच्छ गोल दिसला की खूप आनंद होतो, व्हायलाच पाहिजे, पण तो गोल म्हणजे शोध नव्हे हो. कारण खाडीत सापडणाऱ्या बऱ्याच बुरशा अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियमच असतात, जमिनीवरही त्याच, आणि त्या ग्लायोटॉक्सिनसारखी जुनीच रसायनं पुन्हा पुन्हा देतात, जी माणसाच्या पेशींनाही मारतात. म्हणून अर्क एलसी-एमएसवर (रसायनं वेगळी करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या मशिनवर) लवकर घाला, वस्तुमान आधीच माहीत असलेल्या रसायनांशी ताडून बघा, आणि सस्तन पेशींवर विषारीपणाची टेस्ट करा. खरं काम इथंच आहे आणि बहुतेक प्रोजेक्ट याच्या अलीकडे थांबतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ही मशिनं तुमच्या कॉलेजात नसतील तर विद्यापीठाशी किंवा गोव्याला दोना पावलाच्या एनआयओशी (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेशी) गाइडमार्फत आधीच बोलून ठेवा.

आणि बुरशी हाती आली की लगेच ग्लिसरॉलमध्ये साठा करून उणे ८० ला ठेवा, कारण सारखं सबकल्चर करत, म्हणजे नव्या मिडियमवर हलवत राहिलं तर ती ते रसायन बनवायचंच सोडून देऊ शकते.