बापूजी अणे ‘स्वतंत्र’, मग स्वतंत्र पक्षाचे का नाहीत?

प्रश्न असा: आजोबांच्या जुन्या वहीत ‘१९६२, नागपूर, बापूजी अणे, स्वतंत्र, विजयी’ एवढीच ओळ सापडली. म्हणजे अणे राजाजींच्या (सी. राजगोपालाचारींच्या) स्वतंत्र पक्षात होते का?

नव्हते. त्या वर्षी लोकनायक अणे नागपुरातून लोकसभेवर गेले ते अपक्ष म्हणून, विदर्भाच्या मागणीवर. स्वतंत्र विदर्भासाठी स्वतंत्र उभे राहिले आणि स्वतंत्र पक्षाशी संबंध नाही. आता करा अर्थ! पहिला ‘स्वतंत्र’ म्हणजे वेगळा (‘भाड्याने, स्वतंत्र जिना’ या पाटीतला), दुसरा म्हणजे कोणत्याच पक्षाचा नसलेला. डॉ. आंबेडकरांच्या १९३६च्या स्वतंत्र मजूर पक्षातला ‘स्वतंत्र’ही सरळ ‘इंडिपेंडंट’चं मराठी रूप.

राजाजींच्या पक्षाचं मात्र हे विशेषनामच. इंग्रजी वर्तमानपत्रंही त्याचं भाषांतर न करता ‘स्वतंत्र पार्टी’च छापत. इथे अर्थ मुळाकडचा आहे. तंत्र म्हणजे आधी मागावरचा ताणा, मग व्यवस्था. ज्याचं तंत्र त्याच्याच हाती तो स्वतंत्र, उलट परतंत्र. राजाजींचा राग ‘परमिट-लायसन्स-कोटा राज’वर, म्हणजे उद्योगधंद्यासाठी पावलोपावली लागणाऱ्या सरकारी परवान्यांवर होता, तेव्हा नाव चपखल बसलं.

गंमत म्हणजे या पक्षाची ठिणगी आपल्या नागपुरातच पडली. जानेवारी १९५९मध्ये इथल्या काँग्रेस अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा (जमिनी एकत्र करून कसण्याचा) ठराव झाला. शेतकऱ्याची जमीन आता त्याची राहत नाही, असं म्हणत राजाजी, प्रा. रंगा, मिनू मसानी, मुन्शी एकत्र आले आणि त्याच वर्षी पक्ष उभा राहिला. १९६२मध्ये लोकसभेत १८, १९६७मध्ये ४४ जागा (तेव्हा सर्वांत मोठा विरोधी पक्ष), १९७१मध्ये अवघ्या ८. नागपूरच्या त्या ठरावाला अधिवेशनातच कडाडून विरोध करणारे चरणसिंग मात्र तेव्हा काँग्रेसमध्येच राहिले होते. १९७४मध्ये स्वतंत्र पक्ष विलीन झाला तो त्यांच्याच भारतीय लोकदलात.

ओळखायची खूण सोपी आहे. ‘स्वतंत्र पक्षाचे’ किंवा नुसतं ‘स्वतंत्रचे उमेदवार’ असेल तर राजाजींचा पक्ष. ‘चे’ नसेल तर बहुधा अपक्ष. वहीत १९६७चं पान असेल तर तेही बघा, तिथे आजोबांनी ‘चे’ लावलाय का ते कळवा.