लेखी परवानगी असूनही रात्री बाहेर काढलं? आधी पत्रातल्या अटी वाचा, मग टॉर्चचं बघू

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. बंद कारखान्याच्या इमारतीचे फोटो रात्री, चंद्रप्रकाशात आणि हातातल्या टॉर्चच्या उजेडात काढायला गेलात, हातात लेखी परवानगी, तरी रखवालदाराने बाहेर काढलं. त्याआधी जे काही फोटो मिळाले त्यात भिंत सपाट आणि मधोमध पांढरा डाग. या दोन्हींतून मी गेलोय. ट्रायपॉड, रिमोट, मॅन्युअल फोकस तुम्हाला येतं असं दिसतंय, म्हणून त्यावर लिहीत नाही.

आधी परवानगीचं, कारण माझं सर्वांत मोठं नुकसान तिथेच झालं. एका पडीक इमारतीसाठी, तिचा ताबा असलेल्या कार्यालयात मी रीतसर अर्ज दिला होता. अर्जात स्पष्ट लिहिलं होतं: छायाचित्रण रात्री, चंद्रप्रकाशात, हातातल्या टॉर्चने उजेड टाकून. पत्र आलं. सही, शिक्का, तारीख सगळं जागच्या जागी. खाली छापील अटी आणि त्यात एक ओळ: ‘छायाचित्रण कार्यालयीन वेळेतच करावे.’ मी लगेच परत जाऊन ती ओळ दाखवली. उत्तर मिळालं की मसुदा ठरलेला आहे, त्यात बदल होत नाही, तुम्ही बिनधास्त जा, कोणी काही म्हणणार नाही. किमान शेजारी हाताने दुरुस्ती करून सही तरी द्या, म्हटलं. तो अधिकार साहेबांचा, आणि साहेब दौऱ्यावर.

रात्री रखवालदाराने पत्र उजेडात धरलं, वरून खाली सावकाश वाचलं आणि त्याच ओळीवर बोट ठेवलं. त्याला मी दोष देणार नाही. उद्या काही झालं असतं तर जबाब त्यालाच द्यावा लागला असता. राग आहे तो टेबलामागे बसून ‘कोणी काही म्हणणार नाही’ असं सांगणाऱ्यांचा, कारण त्या वाक्याखाली सही कोणाचीच नसते.

एक रात्र हुकली तर एवढं काय, असं वाटेल. त्या इमारतीचा दर्शनी भाग उत्तरेला होता. उत्तर गोलार्धात अशा भिंतीवर पौर्णिमेचा चंद्र पडतो तो मुख्यतः हिवाळ्यात. तेव्हा पौर्णिमेचा चंद्र ईशान्येकडून उगवतो, आणि त्या ठिकाणी उगवल्यानंतर थोडाच वेळ त्याचा उजेड भिंतीला तिरका घासून जातो. विटांचा पोत, खिडक्यांवरच्या कमानींच्या सावल्या, सगळं त्या तेवढ्या वेळात उठून दिसतं. पुढे चंद्र दक्षिणेकडे सरकला की भिंत सावलीत. दुरुस्त पत्र हातात पडेपर्यंत तो हंगाम संपला होता, आणि पुढचा हिवाळा येण्याआधी इमारत पाडली गेली.

म्हणून पत्र घेताना या गोष्टी त्यात आहेत का ते तिथेच उभं राहून बघा: तारखेसोबत ‘रात्री अमुक ते अमुक वाजेपर्यंत’ असे तास, ट्रायपॉड आणि टॉर्च यांचा उल्लेख, सोबत येणाऱ्यांची संख्या, ढग आले तर पर्यायी तारीख, आणि रात्री फोन उचलेल अशा माणसाचा नंबर. पत्राची प्रत आदल्या दिवशीच गेटवर पोचलेली हवी. मी वकील नाही, ठिकाणानुसार नियम बदलतात, तेव्हा तुमच्याकडचं नक्की काय ते विचारून घ्या. ‘अर्जाच्या भानगडीत पडूच नका, कुंपणावरून उडी मारा’ असं सांगणारे इथेही भेटतील. मला ते अजिबात पटत नाही. कुजलेल्या फळीतून पाय खाली गेला आणि तुम्ही तिथे आहात हे कोणालाच ठाऊक नसलं, तर काय करणार? एकट्याने जाऊच नका, आणि दिवसा एकदा सगळी जमीन बघून ठेवा.

आता सपाट भिंत. तुम्ही कॅमेऱ्याजवळ उभं राहून उजेड टाकताय, म्हणून ती सपाट दिसते. उजेड समोरून आला की सावल्या वस्तूमागे लपतात आणि पोत मरतो. कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला जा आणि भिंतीला जवळजवळ समांतर झोत टाका. पोपडे निघालेला रंग, गंजलेले खिळे, विटांमधल्या भेगा या सगळ्यांना सावली मिळते, तेव्हा कुठे भिंत भिंतीसारखी दिसते.

पांढरा डाग पडतो तो अंतराच्या हिशोबामुळे. टॉर्चपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश होतो. २ मीटरवरचा खांब आणि ८ मीटरवरचा दरवाजा यांच्यात १६ पटींचा, म्हणजे ४ स्टॉपचा फरक पडतो (उजेड दुप्पट किंवा निम्मा झाला की एक स्टॉप). झोत सगळीकडे सारखाच वेळ फिरवला तर खांब जळणार आणि दरवाजा काळाच राहणार. लांबच्या भागाला जास्त वेळ द्या किंवा चालत त्याच्याजवळ जा. हात एका जागी थांबू देऊ नका, भिंतीला चुना लावताना कुंचला फिरतो तसा एकावर एक फिरत राहू द्या. टॉर्चच्या तोंडाला काळ्या कागदाची नळी गुंडाळा, नाहीतर तिची काच कॅमेऱ्याला दिसते आणि फ्रेममध्ये ठिपके, रेघा उमटतात. कपडे गडद घाला. उजळलेली भिंत आणि कॅमेरा यांच्या मध्ये उभे राहू नका, तुमची काळी आकृती उमटते.

एक्स्पोजरची, म्हणजे फोटोला किती उजेड मिळतो त्याची, चाचणी चार-चार मिनिटांची घेत बसू नका. उघड्यावर, पौर्णिमेला, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ६४००, एफ/४ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आणि २ सेकंद इथून सुरू करा. चित्र बरं वाटलं की आयएसओ १०० वर या. वेळ ६४ पट, म्हणजे १२८ सेकंद. हा सुरुवातीचा आकडा आहे, धुकं किंवा पातळ ढग असतील तर बदलेल. आणि अर्ध्या चंद्राचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा नसतो, साधारण दहावा हिस्सा असतो. त्या रात्री वेळ दुप्पट करून भागणार नाही.

रंगांबद्दल माझं मत जरा कडक आहे. टॉर्चवर लाल-हिरवे जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावून पडीक घराचं भूतघर करू नये, त्या वास्तूचा तो अपमान वाटतो मला. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (फोटोची निळसर-पिवळसर छटा ठरवणारी सेटिंग) ४००० केल्विनच्या आसपास ठेवा. चंद्रप्रकाश तिथे नैसर्गिक दिसतो. थंड पांढरा एलईडी निळसर पडतो, त्यावर फिकट नारिंगी जेल लावलं की घरात दिवा असल्यासारखी ऊब येते. खोली उजळायची असेल तर खिडकीतून न दिसणाऱ्या कोपऱ्यात उभे राहा आणि झोत छतावर किंवा मागच्या भिंतीवर मारा. परतून आलेला मऊ उजेड खिडकीत भरतो. टॉर्च मंद करायची सोय असेल तरी ती पूर्ण तेजावर ठेवून समोर पातळ कापड लावा. बऱ्याच एलईडी टॉर्च मंद केल्यावर वेगाने उघडझाप करतात. डोळ्याला कळत नाही, पण टॉर्च कॅमेऱ्यासमोर हलली की अखंड रेघेऐवजी तुटक ठिपके येतात.

सगळं एकाच फ्रेममध्ये उरकायचा हट्ट नको. ट्रायपॉड न हलवता एक फ्रेम फक्त चंद्रप्रकाशाची, एक डाव्या भिंतीची, एक खिडक्यांची, आणि मग संगणकावर त्या एकावर एक ठेवून लाइटन मोडवर (प्रत्येक जागी सर्वांत उजळ तेवढं ठेवणारी सोय) एकत्र करा. शुद्धतावाद्यांना हे चालत नाही, मला चालतं. मात्र लाकडी जमिनीवर ट्रायपॉड असेल तर तुमच्या प्रत्येक पावलासरशी फळ्या दबतात आणि कॅमेरा हलतो. मग फ्रेम एकमेकींवर बसत नाहीत. ट्रायपॉडचे पाय भिंतीलगत किंवा दगडी उंबऱ्यावर टेकवा.

वटवाघळं असतील ती खोली सोडून द्या. त्यांच्यावर झोत मारणं बरं नाही, आणि सुकलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना घातक असते. एन ९५ मास्क कायम बॅगेत ठेवा. छताला किंवा पाइपांना ॲस्बेस्टॉस असल्याची शंका आली तर त्या मास्कवर विसंबून आत जाऊ नका.

तुमच्या इमारतीचा दर्शनी भाग कोणत्या दिशेला आहे आणि पत्रात तासांबद्दल नेमकं काय छापलंय, ते इथे लिहा. दिशा कळली की कोणत्या महिन्यातली पौर्णिमा धरायची ते सांगता येईल, आणि त्यानुसार नवा अर्ज आत्ताच टाकता येईल.