साठ मीटरच्या खालीही छत पडतं

प्रश्न : अमेरिकेने 22 जून 2025 ला इराणच्या फोर्डो इथल्या अणुकारखान्यावर टाकलेला बॉम्ब 60 मीटर जमिनीत शिरतो असं वाचलं. तो कारखाना तर 80-90 मीटर खाली आहे म्हणतात. मग बॉम्बचा उपयोग काय झाला? आपल्या सीताबर्डीच्या टेकडीत तो किती खोल गेला असता?
– एक विद्यार्थी, महाल, नागपूर

उत्तर : माझी नोकरी सावनेरकडच्या भूमिगत खाणींत आणि नंतर उमरेडच्या ओपनकास्टला, म्हणजे उघड्या खाणीत गेली, ब्लास्टिंगच्या कामात. म्हणून खाणीतूनच सुरुवात करतो.

दगडात होल मारून त्यात स्फोटक दारू भरली की वरचा भाग ड्रिलच्या भुकटीने ठासून बंद करावा लागतो. त्याला स्टेमिंग म्हणतात. ते कच्चं राहिलं की सगळा जोर तोंडातून वर निघून जातो. धुळीचा उंच खांब उठतो, चार दगड दूर उडतात आणि खालचा बेंच, म्हणजे फोडायची दगडाची पायरी, जागची हलत नाही. दारू तितकीच, काम शून्य. जमिनीवर फुटणाऱ्या बॉम्बचंही असंच होतं, त्याचा बराचसा जोर हवेत जातो. आत शिरून फुटणाऱ्या बॉम्बला वरची जमीनच दाबून धरते, आणि तो जोर दगडात उतरतो.

फोर्डोवर टाकलेल्या बॉम्बचं वजन सुमारे 13,600 किलो. त्यात स्फोटक जेमतेम 2,400 किलो, बाकी बहुतेक पोलाद. लांबी सहा मीटरच्या वर, जाडी 80 सेंटिमीटर. इतकं वजन एवढ्याशा टोकावर आल्यामुळे तो घुसतो, आणि फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारी कळ, उशिराची असल्यामुळे आत थांबल्यावर फुटतो. 60 मीटर हा आकडा मात्र सगळ्या जमिनींना लावू नका. आपल्या काळ्या मातीत तो खोल जाईल. सीताबर्डीचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, त्यात त्या मानाने फारच कमी. मजबूत काँक्रीटमध्येही तसंच.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. बॉम्ब जिथे थांबतो तिथे धक्का थांबत नाही, तो दगडातून पुढे जातो. दगड दाब भरपूर सोसतो, पण ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच असते. धक्का बोगद्याच्या पोकळीपाशी पोचला की पुढे जायला दगडच नसतो. तो उलटा फिरतो आणि फिरताना दाबाचा ताण होतो. त्या ताणाने छताचे पापुद्रे सुटून खाली येतात. बॉम्ब छतापर्यंत पोचलाच पाहिजे असं नाही.

खाणीत पाळी सुरू होताना आम्ही सळईने छत ठोकून बघायचो. ‘ठण्’ वाजलं तर दगड धरून आहे, भद्द आवाज आला तर आतून सुटलाय, खाली माणूस उभा करायचा नाही. बॉम्बच्या धक्क्यानंतर तसं ठोकून बघायला कोणाला सवड मिळणार?

शिवाय फोर्डोवर नवा दगड फोडत बसले नाहीत. अमेरिकी संयुक्त सेनाप्रमुखांनी सांगितल्याप्रमाणे हवा खेळवणाऱ्या दोन शाफ्टवर, म्हणजे उभ्या बोगद्यांवर, नेम धरला होता. पहिल्या बॉम्बने काँक्रीटचं झाकण उडवायचं, पुढच्यांनी त्याच वाटेने आत जायचं. फोर्डोवर असे 12 बॉम्ब पडले. आत युरेनियम समृद्ध करणारे सेंट्रिफ्यूज होते. सेंट्रिफ्यूज हे प्रचंड वेगाने फिरणारं नाजूक यंत्र. ते कंपनाला फार संवेदनशील असल्याने मोठं नुकसान अपेक्षित आहे, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख ग्रोसी यांनी दुसऱ्याच दिवशी म्हटलं होतं.

जमिनीत शिरून फुटायची ही कल्पना जुनी आहे. ब्रिटिश अभियंता बार्न्स वॉलिस यांचा दहा टनी बॉम्ब 14 मार्च 1945 ला जर्मनीत बीलेफेल्डच्या रेल्वेपुलाजवळ पडला. तो पुलाला थेट लागला नाही, बाजूच्या जमिनीत शिरून फुटला. पायाखालची जमीनच गेली आणि कमानी कोसळल्या.

प्रश्न : आमच्याकडे खदानीच्या ब्लास्टिंगने भांडी वाजतात. मग एवढ्या बॉम्बने भूकंप होत असेल ना?
– एक गृहिणी, पाचगाव

उत्तर : ताई, भूकंप नाही होत. मोठ्या ओपनकास्ट ब्लास्टमध्ये एकूण दारू याहून कितीतरी जास्त असते, पण होल काही मिलिसेकंदांच्या अंतराने फुटतात. घर हलतं ते एका क्षणी किती फुटलं त्यावर. बॉम्बचे 2,400 किलो एकदम फुटतात, म्हणून जवळचं सगळं जातं, पण अंतर वाढेल तसा धक्का झपाट्याने कमी होतो. तुमच्या भांड्यांचं मात्र दुर्लक्ष करू नका. साध्या विटांच्या घरापाशी, कंपन संथ असेल तेव्हा, सेकंदाला 5 मिलिमीटर ही खाण सुरक्षा महासंचालनालयाची मर्यादा आहे. मोजणी मागा.

प्रश्न : जाड स्लॅबचं तळघर बांधलं तर युद्धात माणसं वाचतील का?
– एक निवृत्त शिक्षक, नंदनवन

उत्तर : गुरुजी, बगदादच्या अमिरिया भागातलं आश्रयस्थान जाड काँक्रीटचं होतं. 13 फेब्रुवारी 1991 च्या पहाटे दोन बॉम्बनी ते फोडलं. आत झोपलेली चारशेहून जास्त माणसं गेली, त्यांत बहुतेक बायका-मुलं. ते आठवलं की आजही मला बेचैन व्हायला होतं, कारण तीही छतावर भरवसा ठेवूनच आत गेली होती. नेम धरून टाकलेल्या अशा बॉम्बपुढे घरचा स्लॅब टिकणार नाही. उडत्या तुकड्यांपासून आणि फुटक्या काचांपासून मात्र तळघर नक्की वाचवतं. बांधणारच असाल तर बाहेर पडायला दोन वाटा ठेवा, एकमेकींपासून लांब. भूमिगत खाणीला हा नियमच आहे, आणि एक वाट बुजली की दुसरी किती मोलाची असते हे आम्ही खाली उतरणाऱ्यांनी पाहिलेलं आहे.