कम्प्युटर वीस मिनिटांनी आपोआप बंद पडतो, लगेच चालू केला तर दोन मिनिटांत: काय तपासावं?

प्रश्न: घरचा जुना डेस्कटॉप आहे. इंटेल आय५, प्रोसेसरबरोबर आलेलाच फॅन, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ६०० व्हीएचा युपीएस. सुरू केल्यावर १५-२० मिनिटांत काहीही न सांगता खटकन बंद होतो. लगेच चालू केला तर दोन-तीन मिनिटांत परत जातो. अर्धा तास थांबलं की पुन्हा वीस मिनिटं मिळतात. विंडोज फॉरमॅट करून झालं, रॅम खोडरबराने पुसून झाली. फरक नाही. नक्की काय बदलावं?

उत्तर: अजून काहीच बदलू नका. "अर्धा तास थांबलं की पुन्हा वीस मिनिटं मिळतात" या तुमच्याच वाक्यात निम्मं निदान झालंय. विंडोजमधला बिघाड मशीन गार झालं म्हणून सुधारत नाही, त्यामुळे फॉरमॅट मारण्यात फक्त दिवस गेला. रॅम खराब असेल तर बहुधा निळा स्क्रीन येतो, मशीन रीस्टार्ट होतं किंवा हँग होतं. दिवा मालवावा तसं गप्पकन बंद होणं हे सहसा रॅमचं लक्षण नाही. कुठेतरी काहीतरी तापतंय, आणि ते प्रोसेसर असेल किंवा एसएमपीएस (भिंतीतली वीज कम्प्युटरला लागेल तशी करून देणारा कॅबिनेटमधला डबा). यातलं कोणतं, ते ठरवायला पैसे लागत नाहीत.

आधी युपीएस बाजूला काढा. बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली असेल तर व्होल्टेज जरा डुलल्याबरोबर युपीएस मान टाकतो आणि दोष कम्प्युटरला लागतो. कम्प्युटरची केबल सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेंशन बोर्डही मध्ये नको, कारण त्यातल्या ढिल्या पट्ट्या हा या दुखण्याचा फार जुना धनी आहे. तरीही वीस मिनिटांनी बंद पडला तर युपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड दोन्ही संशयातून सुटले. (युपीएसवर लेझर प्रिंटर लावला असेल तर तो आजच काढा. पान तापवताना तो एकदम इतका करंट ओढतो की ६०० व्हीएचा युपीएस ओव्हरलोडला जातो.)

आता खरी चाचणी. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका, उघडताना "सेन्सर्स-ओन्ली"वर टिक करा आणि खालचं लॉगिंगचं बटण दाबून फाइल डेस्कटॉपवर सेव्ह करायला सांगा. ते दर दोन सेकंदांनी सगळे आकडे फाइलमध्ये लिहीत राहतं. नेहमीसारखं काम करा, व्हिडिओ लावा, मशीन बंद पडू द्या. गार झाल्यावर चालू करून ती फाइल एक्सेलमध्ये उघडा आणि अगदी शेवटच्या ओळीत "सीपीयू पॅकेज"चं तापमान बघा. नुसतं स्क्रीनकडे टक लावून बसण्यापेक्षा हे बरं, कारण नेमका शेवटचा आकडा डोळ्यांतून निसटतो. यादीत "ऑक्सटिन" नावाचा एखादा सेन्सर ११०-१२० दाखवत असेल तर घाबरू नका. बऱ्याच मदरबोर्डांवर (प्रोसेसर ज्यावर बसतो तो मुख्य बोर्ड) ती जागा रिकामीच असते आणि आकडा निरर्थक असतो.

शेवटच्या ओळीत ९५-१०० असेल तर प्रोसेसर तापतोय. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही पारा चढतच राहिला तर मदरबोर्डाला पॉवर तोडायला लावतो. म्हणून उष्णतेने बंद होणारं मशीन जाण्याआधी बहुतेक वेळा मंदावतं आणि फॅन घोंघावायला लागतो. तुमच्याकडे असं होतं का, ते आठवून बघा.

शेवटच्या ओळीत ५५-६५ आहे आणि तरी मशीन गेलं, तर प्रोसेसर निर्दोष. संशय एसएमपीएसवर.

दोन्ही बाजूंनी खात्री करायची तर कॅबिनेटचं डाव्या बाजूचं झाकण काढा आणि समोर टेबल फॅन लावा. वीस मिनिटांचा तास झाला तर उष्णतेचं निदान पक्कं. विंडोजबद्दल मनात शंका उरली असेल तर मशीन बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणारी सेटिंग्ज) हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर तसंच सोडून द्या. तिथेही बंद पडलं तर विंडोजचा काही संबंध नाही.

प्रोसेसर तापत असेल तर

केबल काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या, कॅबिनेट गॅलरीत न्या आणि ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने तो नको तितक्या वेगाने फिरला तर बेअरिंग जातं. वरून फॅन स्वच्छ दिसला म्हणून फसू नका. धुळीचा थर फॅनच्या खाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) फटींवर घोंगडीसारखा बसलेला असतो आणि फॅन काढल्याशिवाय तो दिसत नाही.

मग हीटसिंकच्या चार कोपऱ्यांतल्या प्लास्टिकच्या पिना बघा. इंटेलच्या डब्यातल्या फॅनची ही सगळ्यात रद्दी गोष्ट. कॅबिनेट हलवताना किंवा साफ करताना एखादी पिन अर्धी निसटते, हीटसिंक एका बाजूने केसभर उचललं जातं आणि प्रोसेसर तापायला लागतो. हीटसिंक हलक्या हाताने हलवून बघा. जरा जरी डुगडुगलं तरी चोर सापडला.

काढताना प्रत्येक पिनचं डोकं बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढा. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता पुढे नेणारी पण आता वाळून पांढरी पडलेली जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने दोन्हीकडून पुसा. नवी पेस्ट मधोमध, वाटाण्याच्या लहान दाण्याएवढी. जास्त लावल्याने जास्त गार होत नाही, ती फक्त कडेने बाहेर येते. बसवण्याआधी चारही डोकी उलट फिरवून मूळ जागी आणा, मग समोरासमोरच्या तिरक्या जोड्यांनी दाबा, टक् असा आवाज येईपर्यंत. नंतर बोर्डाच्या मागून बॅटरी मारून बघा: चारही ठिकाणी पांढऱ्या पायांच्या मधून काळी पिन बाहेर आलेली दिसली पाहिजे. तीन दिसल्या तर पुन्हा काढा. शेवटी फॅनची वायर "सीपीयू फॅन" लिहिलेल्या पिनांवरच लावा आणि ती पात्यात अडकत नाही ना, ते बघा.

हे वाचणाऱ्या कुणाकडे एएमडीचा पिनवाला प्रोसेसर असेल तर एक सावधगिरी: हीटसिंक सरळ वर उपटू नका. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर लॉक लावलेलं असतानाही बाहेर येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा, मग बंद करून हीटसिंक डावी-उजवीकडे हळूहळू पिळत सोडवा.

एसएमपीएसवर संशय असेल तर

मशीन चालू असताना मागच्या जाळीजवळ टिश्यूची पट्टी धरा. हललीच नाही तर आतला फॅन बंद आहे. मग वीस मिनिटांत तापणं आणि अर्ध्या तासात निवणं, दोन्हीचा उलगडा होतो. पण तो दुरुस्त करायला एसएमपीएस उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो.

मल्टिमीटर असेल तर चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरवर, मशीन चालू ठेवून, पिवळी आणि काळी वायर मोजा: ११.४ ते १२.६ व्होल्ट. लाल आणि काळी: ४.७५ ते ५.२५. आकडे याबाहेर गेले तर एसएमपीएस बदला. आत आले तरी तो चांगला आहे असं सिद्ध होत नाही, कारण क्षणभराचा झोल मल्टिमीटरला दिसत नाही. एसएमपीएस सुटा करून हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडून त्याचा फॅन फिरवून दाखवायची पद्धत तर मला निरुपयोगीच वाटते. बिनवजनाचा हातगाडा कुणीही ढकलेल. खरी परीक्षा एकच: शेजाऱ्याचा किंवा दुकानातला दुसरा एसएमपीएस लावून तासभर चालवणं.

नवा घेताना मोठ्या अक्षरांतल्या वॅटला भुलू नका. स्टिकरवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ने गुणा. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या "४५० वॅट"च्या डब्यावर तिथे १४ अँपिअर असतील तर कामाचे वॅट १६८. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या तुमच्या मशीनला ४०० ते ४५० वॅटचा, ८० प्लसचा शिक्का असलेला ओळखीच्या कंपनीचा एसएमपीएस भरपूर होतो.

दोन्हीकडे काही सापडलं नाही तर

विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर (मशीनच्या नोंदी दाखवणारा) उघडा, विंडोज लॉग्ज, मग सिस्टीम. तिथे "कर्नल-पॉवर ४१" असेलच. ती नोंद फक्त "मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं" एवढंच सांगते, कारण नाही. कामाची माहिती डिटेल्समध्ये असते. बगचेककोड शून्य असेल तर बहुधा वीज तुटली. शून्य नसेल तर निळा स्क्रीन येऊन गेला होता आणि तुम्हाला दिसला नाही. २९२ हा आकडा म्हणजे निळ्या स्क्रीनवरचा ०x१२४, हार्डवेअरची चूक.

त्याच पानावर पॉवरबटनटाइमस्टॅम्प शून्य नसेल तर गंमत आहे: कुणीतरी बटण दाबून धरलं, असं मशीनला वाटतंय. कॅबिनेटचं बटण दमटपणाने किंवा धुळीने आत अडकलं की चार सेकंदांनी मशीन जातं. बोर्डावरून "पॉवर एसडब्ल्यू"ची छोटी वायर उपसून काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून मशीन सुरू करा. आता बंद पडलं नाही तर बिघाड बटणात. रीसेटचं बटण चालत असेल तर त्याची वायर त्या पिनांवर लावून कामचलाऊ सोय होते.

तेही नसेल तर प्रोसेसरच्या आजूबाजूचे उभे कपॅसिटर बघा. माथा सपाट हवा. फुगलेला किंवा तपकिरी डाग पडलेला एखादा दिसला तर बिघाड बोर्डात आहे. कपॅसिटर बदलून देणारे कारागीर मिळतात, पण इतक्या जुन्या बोर्डावर खर्च करण्याआधी डेटा दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या.