काम दुसऱ्याच्या हाती, सही मात्र आपली

पावसाळ्याआधी खानदेशात कारखान्यांचे शटडाऊन (दुरुस्तीसाठी प्लांट बंद) लागतात आणि माझ्याकडे ठेकेदारांची कर-हिशेबाची पत्रं वाढतात. या वेळची तिन्ही पत्रं छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांची आहेत. पहिल्याला जास्त जागा देते, कारण तोच प्रश्न मला जळगावच्या ऑफिसात सतत विचारला जातो. एक आधीच सांगते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले. म्हणून इथे कलमं लिहीत नाही, नियम लिहिते.

प्रश्न : मी भुसावळचा. पॅनल वायरिंग आणि इन्स्ट्रुमेंटची कामं घेतो. एका मोठ्या कारखान्याने ‘कंपनी असेल तरच ऑर्डर’ म्हटल्यावर बायकोला सोबत डायरेक्टर घेऊन प्रायव्हेट लिमिटेड काढली. आता नरडाणा एमआयडीसीत ८ लाखांचं काम मिळालंय, जीएसटी वेगळा. पण त्याच दिवसांत मी इकडे दीपनगरच्या वीजकेंद्रात शटडाऊनवर असणार. जुना सोबती ६ लाख ८० हजार अधिक जीएसटीत ते काम करायला तयार आहे. मला घरबसल्या १५ टक्के सुटतात. द्यावं का? दुसरं, माझी गाडी, मोबाईल, बूट, घरचा किराणा कंपनीच्या खर्चात टाकला तर चालतो का? आधीचे हिशेबनीस सगळं टाकायचे.

उत्तर : भाऊ, टक्के नंतर बघू. आधी नरडाण्याची वर्क ऑर्डर काढा आणि मागच्या पानांवरच्या बारीक अटी वाचा. बहुतेक ऑर्डरींत लिहिलेलं असतं की लेखी परवानगीशिवाय काम सबलेट करता (दुसऱ्याला देता) येणार नाही. ती अट असेल तर परवानगी मागा, मेलवर मागा आणि उत्तर जपून ठेवा. साइट इंजिनिअर फोनवर ‘करा हो’ म्हणाला, यावर जाऊ नका. त्याची बदली झाली की ते ‘करा हो’ कुणालाच आठवत नाही.

आता १ लाख २० हजारांचं बघू. सोबती तुम्हाला ६ लाख ८० हजारांवर १८ टक्क्यांनी १ लाख २२ हजार ४०० रुपये जीएसटी लावणार. तो तुम्ही त्याला द्याल आणि तुमच्या भरण्यातून वजा मागाल. पण त्याने विवरणात तुमचं बिल दाखवलं नाही, तर ते तुमच्या २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरचा तुमच्या खरेदीचा तक्ता) येत नाही आणि वजावट मिळत नाही. म्हणजे १ लाख २० हजार कमवायला गेलात आणि १ लाख २२ हजार ४०० अडकले. हे आकडे मी मुद्दाम सगळे मांडते, कारण ठेकेदार कमिशन लगेच मोजतो आणि जीएसटीकडे ‘तो तर येणारच’ म्हणून बघतो. माझा आग्रह असा की बिलाची मूळ रक्कम आधी द्या आणि जीएसटीची रक्कम २बी मध्ये बिल दिसल्यावर द्या. मासिक विवरण भरणाऱ्याने पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरलं, तर १४ तारखेला तुम्हाला दिसतं. तो तिमाही भरणारा असेल तर आधीच विचारून ठेवा, तुमचे पैसे जास्त दिवस अडकतील. हे काम सुरू होण्याआधी बोला. बिल हातात आल्यावर बोललात तर मैत्री तुटते.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापायचाच. सोबती स्वतःच्या नावाने धंदा करत असेल तर १ टक्का, म्हणजे ६,८०० रुपये. त्याची फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के. पॅन दिला नाही तर २० टक्के. कापलेला पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. ‘मित्राचे कशाला कापू’ म्हणून सोडलात तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग, २ लाख ४ हजार, खर्च म्हणून धरला जात नाही. तुमच्या कंपनीने २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडला असेल, तर सरचार्ज आणि सेस धरून त्यावर साधारण ५१ हजार कर बसतो. सोबत्याने आपला कर भरल्याचं सीएचं प्रमाणपत्र आणून यातून सुटता येतं, पण व्याज लागतंच आणि ते प्रमाणपत्र मिळवायला त्याच्याच दारात जावं लागतं.

पेमेंटची तारीख हा यातला सगळ्यात नाजूक भाग. सोबती सरकारच्या ‘उद्यम’ पोर्टलवर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर लेखी करार असताना ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसताना १५ दिवसांत त्याचे पैसे द्यायला हवेत. मुदत उलटून ३१ मार्चला बाकी राहिली तर तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत, पैसे द्याल त्या वर्षी धरतात. तिकडे कारखाना तुम्हाला ९० दिवसांनी पैसे देणार असेल, तर मधले दिवस तुमच्या खिशातून जातात. कारखान्याने १० टक्के रिटेन्शन (कामाची खात्री म्हणून मागे ठेवलेली रक्कम) अडवलं तर तुमचे ८० हजार वर्षभर तिकडे. सोबत्याच्या बिलातलं ६८ हजार रिटेन्शनही त्याच अटीवर ठेवायचं, आणि हे करारात लिहिलेलं हवं. तोंडी ठरलेलं रिटेन्शन म्हणजे फक्त उशीर.

आणि मजूर. गेटपास, सेफ्टी इंडक्शन, पीएफ आणि ईएसआयसीचं चलन कारखाना तुमच्याकडेच मागणार, ऑर्डर तुमच्या कंपनीच्या नावाने आहे. सोबत्याने चलन दिलं नाही तर तुमचं बिल अडकतं. म्हणून त्याच्या प्रत्येक बिलासोबत मागच्या महिन्याचं चलन आणि हजेरीची प्रत घ्या, नाहीतर बिल पास करू नका.

आता माझं मत. काम द्या, पण घरबसल्या नको. टर्मिनेशन (वायरी टर्मिनलला जोडणं), लूप चेक (इन्स्ट्रुमेंटची पूर्ण जोडणी तपासणं) आणि चार्जिंग (पॅनलला वीज देणं) तुमच्या हजेरीत व्हायला हवं. केबल ट्रे, केबलची खेचाई, ग्लँडिंग (केबल पॅनलमध्ये शिरते तिथे पक्की बसवणं) सोबत्याने करावं. चूक होते ती टर्मिनेशनमध्ये, आणि रात्री दोन वाजता प्लांट ट्रिप झाला (आपोआप बंद पडला) की फोन तुम्हालाच येणार. शटडाऊनमुळे ते दोन-तीन दिवसही काढता येणार नसतील तर पूर्ण ऑर्डर घेऊ नका, तारीख पुढे ढकलून मागा. पुढच्या वेळी बोलावतील का, हे त्या पॅनलवर ठरतं. रेटही तसा मागा. फक्त हातमजुरी दिली तर ६ लाख ८० हजार जास्त होतात, चार लाखांच्या आसपासचं बोलणं व्हायला हरकत नाही.

खर्चाचं थोडक्यात. कंपनीच्या धंद्यासाठी पूर्णपणे झालेला खर्च चालतो, घरचा चालत नाही. किराणा बंद करा, मागचा खर्चही सीएला दाखवून दुरुस्त करा. सेफ्टी शूज, हेल्मेट, हातमोजे जरूर टाका आणि बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर घ्या म्हणजे वजावट मिळते. घरचा शर्ट, जोडे नाहीत. मोबाईल कंपनीच्या नावावर करून घ्या. क्लॅम्प मीटर, मेगर, लूप कॅलिब्रेटर ही तपासणीची टिकणारी साधनं, त्यांच्यावर घसारा धरा, म्हणजे किंमत एकदम न टाकता दरवर्षी थोडी खर्चात टाका. लॅपटॉपवर घसारा ४० टक्के, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्मा. ही साधनं रोखीने घेऊ नका. एका माणसाला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिलं तर ते किमतीत धरत नाहीत.

गाडी तुमच्या स्वतःच्या नावावर आहे, ती तशीच राहू द्या. कंपनीच्या नावावर घेतली तरी पाच-सात सीटच्या गाडीचा जीएसटी परत मिळत नाही, घरच्या वापराचा प्रश्नही उभा राहतो. त्यापेक्षा डॅशबोर्डमध्ये एक वही ठेवा. तारीख, कुठून कुठे, कोणती ऑर्डर, सुरुवातीचं मीटर, शेवटचं मीटर, सही. त्यावरून कंपनी तुम्हाला किलोमीटरप्रमाणे पैसे देते. ‘नरडाणा’ लिहिलेली ओळ असेल तर तपासणीत कुणी अडवत नाही, आणि महिन्याला ‘डिझेल १५,०००’ अशी गोल रक्कम असेल तर पहिलं बोट त्यावरच जातं. सुरत मार्गावरच्या रेल्वेने नरडाण्याला गेलात तर तिकीट ठेवा, तो खर्च तसाच चालतो.

प्रश्न : शहाद्याकडे सौर पंप बसवतो. पोरांचा आठवड्याचा पगार मुकादमाच्या हातात रोख २८ हजार देतो. सीए नको म्हणतात. मग काय करू?

उत्तर : सीएंचं बरोबर आहे, दादा. आधी ठरवा, मुकादम तुमचा पोटकंत्राटदार आहे की तुमच्या टोळीचा म्होरक्या. तो अंगावर काम घेत असेल तर त्याचं बिल, पॅन आणि टीडीएस हवा. एका बिलाला ३० हजार किंवा वर्षाला १ लाख ओलांडले की कापायचा, आणि रोज १० हजारांवर रोख नाही. पोरं तुमची असतील तर प्रत्येकाचा पगार त्याच्या खात्यात यूपीआयने टाका. ज्याचं खातं नाही त्याला १० हजारांच्या आत रोख द्या, पण मजुरी रजिस्टरमध्ये नाव, दिवस, दर आणि सही किंवा अंगठा हवा. एकाच अक्षरात सगळ्यांच्या सह्या असलेलं रजिस्टर ठेवू नका.

प्रश्न : सावद्याला यजमानांची केळी पिकवण्याच्या चेंबरच्या रेफ्रिजरेशनची कंपनी आहे. खात्यात ९ लाख आहेत. घराच्या बांधकामाला त्यातले ३ लाख काढले. ‘कंपनी आपलीच’ असं ते म्हणतात.

उत्तर : ताई, शेअर तुमचे, पैसा कंपनीचा. प्रायव्हेट कंपनीने डायरेक्टरला कर्ज देण्यावर कायद्याच्या अटी आहेत, त्या पाळल्याशिवाय असे पैसे उचलता येत नाहीत. शिवाय मोठा भागधारक असलेल्या माणसाने साठलेल्या नफ्यातून पैसे उचलले की ते लाभांश समजून त्यांच्या हातात कर लागू शकतो. ते परत केले तरी हा धोका जात नाही. सरळ मार्ग पगाराचा. पगारदाराला नव्या कर पद्धतीत ७५ हजारांच्या प्रमाणित वजावटीसह १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर लागत नाही. कामाला शोभेल एवढा महिन्याचा पगार संचालक मंडळाच्या ठरावाने बांधा आणि बांधकामाचे पुढचे हप्ते त्यातून द्या.

पण आधी एक गोष्ट तपासा. कंपनी सुरू करताना कॉम्प्रेसर, तांब्याचे पाइप, पहिली डिपॉझिट यजमानांनी घरच्या पैशातून किंवा दागिने ठेवून भरली असेल, तर ती रक्कम ताळेबंदात ‘डायरेक्टरकडून कर्ज’ म्हणून उभी असते. तिथे ५ लाख असतील तर काढलेले ३ लाख ही त्यांच्याच पैशाची परतफेड होते आणि त्यावर कर नाही. मात्र परतफेड बँकेतून झालेली हवी. सीएंकडून यजमानांच्या नावाचं लेजर (खात्याचा उतारा) आजच मागवा, आणि पहिल्या वर्षीची बिलं कुठल्या पिशवीत पडली असतील ती सोबत घेऊन जा.