गुहागरचा सव्वा रुपया

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

गणपतीच्या आरतीनंतर मंडळातल्या काकूंनी आपली बोली ऐकून हसत ‘तुम्ही मूळचे कुठले हो?’ असे विचारले, आणि परतताना गाडीत तू म्हणालीस, की आपल्या घरातले कोणी गेल्या दोनशे वर्षांत महाराष्ट्रात राहिलेलेच नाही, तर कोकणातल्या गुहागरच्या व्याडेश्वरासाठी, आपल्या कुलदैवतासाठी, आपण सव्वा रुपया कशाला काढून ठेवतो? प्रश्न मला लागला, कारण तुझ्या वयाचा असताना पुण्याच्या एका लग्नात मलाही ‘हिंदीवाले पाहुणे’ म्हणून पंगतीत बसवले होते आणि ग्वाल्हेरच्या शाळेत मात्र मी ‘मराठा’ होतो.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, चिटणीस की गोठ या मोहल्ल्यात आपले घर होते. मुंजीला, बारशाला, परीक्षेच्या निकालालासुद्धा मोठी आजी हळदीत बुडवून वाळवलेल्या फडक्यात सव्वा रुपया आणि चार अक्षता बांधी आणि ती पुरचुंडी देव्हाऱ्याखालच्या खणात टाकी. महाशिवरात्र जवळ आली की सगळ्या गाठी सोडून ती पैसे मोजायची, मी मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा आणि सुमाआत्या पोस्टात जायची. काही दिवसांनी गुरवांकडून पाकीट येई. त्यात कागदाच्या घडीत चिमूटभर अंगारा असे, पाकीट उघडताना तो निम्मा सतरंजीवर सांडे, आणि आजी तो बोटाने टिपून आमच्या कपाळांना लावी. गुहागर तिने कधी पाहिले नव्हते. आमच्या लेखी गुहागर म्हणजे टपालाचा एक पत्ता होता.

आपण उत्तरेत गेलो ते हरलेल्या बाजूची माणसे म्हणून. जून १८१८ मध्ये दुसरे बाजीराव पेशवे इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाले आणि वर्षाला आठ लाख रुपयांच्या पेन्शनीवर कानपूरजवळ गंगाकाठी बिठूरला, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडी ब्रह्मावर्ताला, जाऊन राहिले. त्यांच्यामागे भटजी, कारकून, आश्रित अशी अनेक कुटुंबे गेली, त्यांत आपलेही होते. आपले पूर्वज दफ्तरात होते असे अण्णा सांगत. ते मुदपाकखान्यात भाताची देखरेख करीत, असे आत्या सांगते. (ब्रह्मावर्ताहून आलेल्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी पेशव्यांचा उजवा हात होता, त्यामुळे मला आत्याचे म्हणणे जास्त पटते.) १८५१ मध्ये बाजीराव वारले, इंग्रजांनी ती पेन्शन दत्तकपुत्र नानासाहेबांना नाकारली, आणि सगळ्या वस्तीचे अन्नच तुटले.

जुलै १८५७ मध्ये कानपूर घेतल्यावर इंग्रजी फौज ब्रह्मावर्ताला आली आणि तिने नानासाहेबांचा वाडा जाळला. मोठ्या आजीच्या आजेसासऱ्यांना कडेवर घेऊन त्यांची आई नथ उतरवून, नऊवारी सोडून, घागरा-ओढणीत काल्पीच्या वाटेने निघाली, असे घरात सांगतात. ती पोहोचली ग्वाल्हेरला, म्हणजे जे शिंदे इंग्रजांच्या बाजूने राहिले त्यांच्याच राज्यात. ही गोष्ट मला आजही नीट गिळता येत नाही; पण कडेवर मूल असलेल्या बाईने दुसरे काय करायला हवे होते, हे मला सांगता येणार नाही. ग्वाल्हेरला मराठी घरे होती, भाषा होती, शिंद्यांच्या चाकरीत कुठेतरी पोट भरण्याची सोय होती.

तिथे मात्र ‘ब्रह्मावर्त’ हे नाव तोंडातून काढायचे नाही, असा घरात दंडक होता. नानासाहेबांवर एक लाखाचे इनाम लागले होते, आणि १८७४ मध्येसुद्धा ग्वाल्हेरला एका माणसाला नानासाहेब समजून पकडून इंग्रजांच्या हवाली केले गेले. तो नानासाहेब नव्हता, हे पुढे ठरले. अशा गावात कोणी ‘मूळचे कुठले?’ असे विचारले, तर ‘कोकणातले, गुहागरकडचे’ हे उत्तर खरेही होते आणि बिनधोकही. मधली चाळीस वर्षे आपल्या लोकांनी सरळ गाळून टाकली. देवाच्या नावाने पैसे काढणे त्याआधीही असेलच, पण ते इतके घट्ट धरले गेले ते या भीतीमुळे, असे मला वाटते. कदाचित हा माझाच तर्क असेल. आजीला विचारले असते तर तिने ‘सासूबाई करायच्या’ एवढेच सांगितले असते आणि मला पाणी भरायला पिटाळले असते.

म्हणून तुला ‘हे केलेच पाहिजे’ असे मी म्हणत नाही. तुझ्या निकालाच्या दिवशी मी पुरचुंडी बांधतो ती माझ्या समाधानासाठी. तुला ती नकोशी वाटत असेल तर तसे सांग, मी रागावणार नाही (थोडे वाईट वाटेल, ते लपवता येणार नाही). काकूंना पुढच्या वेळी ग्वाल्हेर सांगायचे, ब्रह्मावर्त सांगायचे की गुहागर, ते तू ठरव. मी तिन्ही सांगून पाहिली आहेत आणि लोक तिन्हींना ‘अच्छा!’ म्हणतात. डिसेंबरात लश्करला जाऊ तेव्हा मुदपाकखान्याचे प्रकरण सुमाआत्याकडून ऐक. फक्त अण्णांच्या फोटोसमोर बसून विचारू नकोस, ती आवाज खाली आणते आणि निम्मे ऐकूच येत नाही.

तुझा,
बाबा